निळा हंडा, तिसरा नंबर

सूर्यमाळच्या चढावर टँकर दिसायच्या आधी बराच वेळ ऐकू येतो. पहिल्या गिअरची घरघर, मग वळणावर एकदम शांतता, मग पुन्हा घरघर. त्या मधल्या शांततेत पाड्यावरच्या बायका हातातलं काम थांबवतात. मोहाची फुलं वेचणारी मूठ तशीच धरून राहते, भाताच्या राबावर पाला पसरणारी वाकलेलीच थांबते. बंद पडला का? वळणावर अडकला का? घरघर परत आली की हात पुन्हा चालू लागतात, आता जरा घाईनं.

एप्रिल लागला आणि हा आवाज परत आला. बाकीच्यांना त्यात पाणी ऐकू येतं. मला गेले तीन उन्हाळे एका पुरुषाचा हळू, समजूतदार आवाज ऐकू येतो. "चालू ठेवा. कोणी थांबवू नका."

हा पाडा माझ्या आईचं माहेर. मी वाढले जव्हारला, एसटी डेपोमागच्या दोन खोल्यांत. वडील दिवसा कारकून आणि संध्याकाळी संघटनेचे. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत, गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदाचे. मी अक्षरं त्यांच्यावरच ओळखली. 'बंधू-भगिनींनो' हा मी सलग वाचलेला पहिला शब्द. मोखाड्याच्या पायथ्याशी धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि वरच्या पाड्यांना टँकर येतो, हे मी बाराखडी पुरी व्हायच्या आधीच घडाघडा म्हणून दाखवत असे. पत्रकं चिकटवायला आई चुलीवर खळ शिजवायची, मी ती भिंतींना फासायचे. आजही ओल्या खळीचा वास आला की मला कोणावर तरी रागवावंसं वाटतं.

पण विहिरीचं आधी सांगते. मार्चमध्ये पाड्याच्या विहिरीचा तळ दिसतो. मग टँकर येऊन तिच्यात पाणी ओततो आणि बायका ते दोरानं शेंदतात. पहिल्या दहा-बारा हंड्यांना नितळ पाणी मिळतं. मग तळची माती उठते, पाणी तांबडं होतं आणि शेवटच्या हंड्यांत चिखलच जास्त येतो. म्हणून नंबराला किंमत. पण दिवसभर विहिरीवर उभं राहायची सवड कोणाला आहे? तर बाई जाते आणि हंडा राहतो. उजाडता उजाडता रिकामे हंडे एकामागं एक लागतात. कोणाच्या गळ्याला लाल चिंधी, कोणाच्या पोटाला नेलपॉलिशचा ठिपका, कोणाचा पोचा हीच खूण. वाऱ्यानं पडू नये म्हणून आत दगड. हंडा फुटलेला असेल तर जागेवर नुसता दगड ठेवला तरी चालतो. हंडा ओळीत आहे म्हणजे बाई ओळीत आहे. दुसऱ्याच्या हंड्याला कोणी हात लावत नाही. सुट्टीत आले असताना मी एकदा खेळता खेळता एक हंडा पायानं सरकवला होता. आईनं पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला. "माणसाला लाथ मारलीस," ती म्हणाली.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच लिहून ठेवते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी पाड्यावर पिक्चरवाले आले. जव्हारच्या लॉजवर उतरायचे आणि रोज सकाळी चार गाड्या धूळ उडवत वर यायच्या. गोष्ट होती गावाचं पाणी अडवून बसलेल्या एका माणसाची आणि त्याच्यामागं हळूहळू नासत गेलेल्या गावाची. शेवटी कोणीच चांगलं उरत नाही. भाऊ भावाला विकतो, आई लेकराच्या वाट्याचं पिऊन टाकते. पात्रं आमच्याकडची, पण बोली शहरात बसून लिहिलेली. ती सुधारायला त्यांना कोणीतरी हवं होतं आणि खोडाळ्याच्या एका शिक्षकांनी माझं नाव सांगितलं.

मी ती संहिता एका दुपारी वाचून काढली आणि भारावून गेले. आमच्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांत जे होतं ते सगळं हिच्यात होतं. दिग्दर्शक चाळिशीचे, शांत, डोक्यावर कायम एक कापडी टोपी. पाड्यानं त्यांचं नाव टोपीवाला सर ठेवलं. ते मला म्हणाले, "मला माणसाची हाव दाखवायची आहे, पार तळापर्यंत. तुमची पत्रकं किती लोक वाचतात, सुमन? हे लाखो लोक बघतील." मला राग यायला हवा होता. मला अभिमान वाटला.

तो उन्हाळा आठवतो तो वासांनी. भाजलेल्या राबांचा धूर दिवसभर डोंगराच्या कडेला लोंबत असायचा. करवंदाचा चीक बोटांना काळा पडेपर्यंत चिकटून राहायचा. त्यात मेकअपच्या डब्यांतला गोड, परका वास मिसळला. मुख्य नट मुळात गोरा. त्याला रोज सकाळी तासभर काळं रंगवत. एकदा आमच्या पाड्यावरची जानी पाटी घेऊन तिथून चालली होती. ती थबकली, त्याला वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "याला येवढा काळा कशाला केला रं? आमच्यात उभा केला तर आमीच गोऱ्या दिसू!"

बायका खिदळल्या. टोपीवाल्या सरांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"मेकअप छान आहे म्हणतायत," मी म्हणाले.

मी इकडचं तिकडं नेताना काय गाळायचं ते ठरवू लागले होते. पहिल्याच दिवशी एक कागद आला होता, इंग्रजी, बायकांच्या अंगठ्यांसाठी. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, हे आमच्या निम्म्या पत्रकांचं शेवटचं वाक्य. मी कागद वाचला. मग बायकांना एवढंच सांगितलं, "तुम्ही पिक्चरमध्ये दिसला तर चालेल ना, असं विचारतायत."

माझी बारकीमावशी पुढं बसली होती. आईची धाकटी बहीण, हाडं वर आलेली, बोलायला मोकळी. ती म्हणाली, "म्हंजे आमचा फोटू निंघल?"

"हो."

"मंग थांब, तेल लावून येऊं दे."

आणि अंगठा देऊन ती खरंच तेल लावायला घरी गेली.

मग पिक्चरमधल्या मोठ्या प्रसंगाचा दिवस आला. विहीर, हंड्यांची ओळ, वाट बघणारं गाव. सकाळी मावशी मला विहिरीवर भेटली. तिच्या सुनेला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी पाचवी होती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, मग सटवाईची पूजा. तिनं दोन निळे प्लास्टिकचे हंडे आणले होते. एक होता तिसऱ्या नंबरावर, लाल चिंधीवाला. दुसरा सुनेच्या नावानं बराच मागं.

"सुमे, मी हळद न् नारळ बघायला जातो. टँकर दुपारचा येल. नजर ठेव बाय माझ्या हंड्यावर. नातीला आज नितळ पानी पायजे."

"जा तू. मी इथंच आहे," मी म्हणाले.

अकराच्या सुमारास सर कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे प्लास्टिक सगळं मारून टाकतंय. निळं, पिवळं. डोळा तिकडंच जातो. मागं घेता येईल का? पुढं ते तांब्याचं, पितळेचं, मातीचं. दहा मिनिटांचं काम आहे, लगेच परत लावू."

त्यांची माणसं माझ्याकडं बघत उभी राहिली. ते विचारत होते, परवानगी मागत होते, हे मला नाकारता येणार नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते थांबले असते. मी म्हणाले, "मीच करते." आणि मीच केलं. आतले दगड काढले, निळे-पिवळे हंडे दोन-दोन उचलून करवंदीच्या जाळीमागं नेऊन ठेवले. पाड्यावरच्या सोनाआजीचा तांब्याचा हंडा बारावा होता. तिच्या लग्नातला, घासून घासून पातळ झालेला, उन्हात पेटल्यासारखा दिसणारा. तो उचलून मी तिसऱ्या जागेवर ठेवला. माझ्याच मनानं. सरांनी अंगठा वर केला तेव्हा मला आनंद झाला, हेही खरं आहे.

प्लास्टिकचे हंडे कोणाचे असतात हे मला त्या वेळी सुचलं नाही. तांबं-पितळ ज्यांच्याकडं उरलंय त्या पुढं गेल्या होत्या आणि ज्यांच्याकडं काही नाही त्या सगळ्या जाळीमागं होत्या. पत्रकात मी हे एका वाक्यात पकडलं असतं.

दहा मिनिटांचा तास झाला. आणि टँकर लवकर आला.

घरघर ऐकू आली आणि सगळ्या दिशांनी बायका पळत सुटल्या. माझा हात जाळीकडं गेला, पण वेळ उरला नव्हता. टँकरचा पाइप विहिरीत पडला, पाणी दगडावर आपटल्याचा आवाज झाला आणि बायका आपापली जागा शोधू लागल्या. जागा नव्हती. "माझा कुठं गेला?" "माझा कोणी उचलला?" दोर आधीच खाली गेले होते. सोनाआजी आली, आपला हंडा तिसरा बघून क्षणभर थबकली. म्हातारपण बघून कोणीतरी पुढं घेतलं असेल, असं तिला वाटलं. तिनं तसंच मला नंतर सांगितलं. तिनं भरून घेतला आणि उचलायला वाकली.

तेवढ्यात हळदीची पुडी हातात घेऊन मावशी पोचली.

तिनं आपली जागा बघितली. तिथं भरलेला तांब्याचा हंडा. पाणी तांबडं व्हायला लागलं होतं.

"माझा नंबर हाय तो! म्हातारे, माझा हंडा कुठं टाकला?"

"मी कशाला टाकू? इथंच होता माझा!"

मावशीनं हंड्याला हात घातला. आजीनं सोडला नाही. मावशीनं हिसका दिला, आजी गुडघ्यावर पडली, पाणी धुळीत गेलं आणि हळद त्यात सांडून चिखल पिवळा झाला. मग कोणी कोणाला ओढलं ते सांगता येत नाही. केस, बांगड्या, शिव्या. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होते. सर अगदी हळू म्हणाले, "चालू ठेवा. कोणी थांबवू नका."

मी एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. हंडे मी हलवले. तीन शब्दांची कबुली. माझा घसा बंद झाला होता असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या डोक्यात एक विचार आला होता, स्पष्ट, शब्दांसकट. दिसू दे. पाण्याविना ठेवलेल्या माणसांचं काय होतं ते मुंबईला एकदा दिसू दे. मला तो प्रसंग हवा होता. माझ्या मावशीच्या बदल्यात हवा होता.

जाळीमागचे हंडे नंतर सापडले, ते पिक्चरवाल्यांचं काम असं सगळ्यांनी धरलं; आजीचा हंडा तिसरा कसा झाला ते कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मावशीच्या नातीला तांबड्या पाण्यानं आंघोळ घातली.

पिक्चर पूर्ण व्हायला वेळ लागला. मागच्या वर्षी ते लागलं. बक्षिसं मिळाली. मी नाशिकला जाऊन बघितलं. खरं सांगायचं तर ते जबरदस्त आहे. अंगावर येतं. त्यातला पाणी अडवणारा माणूस इतका गोड बोलतो की आपण त्याच्या बाजूचे होतो आणि मग आपल्याला आपलीच किळस येते. मध्यंतराआधी तो प्रसंग येतो. मावशीचा चेहरा पूर्ण पडदा भरून, दात दिसतायत, हात म्हातारीच्या हंड्यावर. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई पुटपुटल्या, "शी! काय ही माणसं!" पेपरांतही त्याच प्रसंगाचं कौतुक होतं. तहानेनं माणूस किती खाली घसरतो याचं दर्शन, अशा अर्थाचं. ती आपल्या नंबरासाठी भांडत होती हे पडद्यावर कुठंच नव्हतं. असणार कसं? ते जाळीमागं होतं.

मग तो तुकडा फोनवर आला. खोडाळ्याच्या बाजारात मावशी नागली विकायला बसली की पोरं फोन काढायची. "हंडेवाली आली रे, कळशी सांभाळा!" पाड्यावर कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. पण सोनाआजी तिच्याशी बोलायची थांबली आणि मावशीनं ओळीत हंडा ठेवणं सोडलं. ती खाली दरीतल्या झिऱ्यावर जाऊ लागली. तिथं खडकाच्या फटीतून पाणी पाझरतं. करवंटी भरायला वेळ लागतो, हंडा भरायला अर्धा दिवस. मग तो डोक्यावर घेऊन उभी चढण. तिचे गुडघे गेले आहेत. यंदा तिच्या सुनेनं मला डेपोवर गाठून सांगितलं, "ताई, आत्या एक दिवस तिथंच पडंल. तुमचा ऐकंल ती."

मी काय केलं? मला जे येतं ते. मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, दात ओठ खात. आमच्या आयाबहिणींना जनावर म्हणून विकणाऱ्यांनो, असं सुरू होत होतं. धरणं होती, मुंबई होती, कॅमेरा होता, इंग्रजी कागदावरचे अंगठे होते. प्रत्येक शब्द खरा होता. जव्हारला छापलं आणि गठ्ठा घेऊन झिऱ्यावर गेले.

सकाळची वेळ. दरीत अजून ऊन उतरलं नव्हतं. मावशी खडकाला टेकून बसली होती, शेजारी निळा हंडा, गळ्याला चिंधी. रंग उडून ती लाल होती हे आता ओळखू येत नव्हतं. करवंटीनं ती एक एक भर ओतत होती.

"काय हाय कागद?"

"तुझ्यासाठी लिहिलंय. सगळ्यांना वाटणार आहे."

"वाच."

मी वाचलं. सभेत वाचावं तसं, आवाज चढवत. दरीत तो घुमला. ती ऐकत होती, हात चालू होता. संपल्यावर तिनं करवंटी फटीखाली ठेवली आणि विचारलं, "लय लिवलास. आन माझा हंडा कोणी हलवला, ता लिवला काय?"

पाणी थेंब थेंब करवंटीत पडत होतं.

मी त्या कागदाकडं बघितलं. आमच्या पत्रकांत 'आम्ही' असतात आणि 'ते' असतात. मी शोधत राहिले, जणू तिसरा शब्द कुठंतरी छापलेला सापडेल.

"मी हलवला, मावशी. मी. आजीचा पण मीच ठेवला तिथं."

करवंटी भरली, सांडू लागली, तरी तिनं उचलली नाही. मी वाट बघत होते की ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला सांगून गेल्तो मी," ती शेवटी म्हणाली. "नजर ठेव म्हनून."

"हो."

"माला कशाला सांगते आता? मी होतो का लबाड, ता माला ठावं हाय. वर सांग. लायनीत सांग."

मी गठ्ठा तिथंच ठेवायला लागले तर म्हणाली, "ता घेऊन जा. इथं भिजंल."

चढण चढताना टँकरची घरघर सुरू झाली होती. मी पळाले. विहिरीवर ओळ लागली होती, बायका आपापल्या हंड्यांपाशी येऊन उभ्या राहत होत्या. पहिली जानी होती. सोनाआजी यंदा तिसरी. कठड्याला टेकून ती चुंबळ वळत होती. मला धाप लागली होती आणि पत्रकांचा गठ्ठा घामानं ओला झाला होता. जानी म्हणाली, "काय गं पुढारीण, आज कशाची सभा?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, पाच-सहा वाक्यांत. हंडे कोणी उचलले, कुठं ठेवले, आजीचा हंडा तिसरा कसा झाला. मावशी मला काय सांगून गेली होती. आणि मी गप्प का राहिले तेही. ते सांगताना माझी मराठी जव्हारची शाळेतली झाली, मला ते ऐकू येत होतं. मध्येच घरघर थांबली. वळण आलं होतं.

सोनाआजीच्या हातातली चुंबळ सुटली. तिनं विचारलं, "म्हंजे तिनं माझा घेतला नव्हता. मीच तिच्या जागी होतो?"

"हो, आजी."

"तीन वरसं," ती म्हणाली. एवढंच.

घरघर परत आली. टँकर आला, पाइप पडला, विहीर आवाज करू लागली. मला वाटलं आता काहीतरी करायला हवं. मी म्हणाले, "मी तिचा हंडा घेऊन येते. मी ठेवते इथं."

"तू हात नको लावू," सोनाआजी म्हणाली.

ती वाकली. तिनं आपला तांब्याचा हंडा एक जागा मागं ओढला. त्याचा तळ खडकावर खरखरला. तिच्या मागच्या बाईनं आपला ओढला, मग तिच्या मागचीनं, अशी ती खरखर ओळीच्या टोकापर्यंत गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या हंड्यामध्ये एका हंड्याएवढी जागा झाली. आजीनं कठड्याखालचा एक दगड उचलला आणि तिथं ठेवला.

जानीनं भरून घेतलं. दुसरीनं भरलं. मग तिनं दोर बाहेर काढला आणि कठड्यावर ठेवून दिला. पाणी नितळ होतं, त्यात आभाळ दिसत होतं, आणि टँकरमधून शेवटची धार पडत होती. अजून थोडा वेळ गेला तर तळ उठणार हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. दोराला कोणी हात लावला नाही.

जानी दरीच्या काठावर गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"बारकेऽऽ! नंबर आला तुझाऽऽ!"

तिनं परत हाक दिली. मी हात मागं बांधून उभी होते, ओला गठ्ठा काखेत. सगळ्या बायका खाली बघत होत्या.

मग दरीतून, करवंदीच्या जाळ्यांमागून, प्लास्टिकचा हंडा दगडाला लागल्याचा आवाज आला. रिकामा. वर येत होता.